गिटारीचा जलोदर

डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांना आपलं नाव जिथं तिथं रंगवलेलं, कोरलेलं, छापलेलं लई आवडायचं. दवाखान्याच्या पाटीवर तर ते होतंच, पण खुर्चीच्या पाठीवर, छत्रीच्या दांड्यावर आणि थर्मामीटरच्या डबीवरसुद्धा होतं. माझ्या लिखाणात तरी ते येऊ नये, एवढी काळजी मी घेतोय. आदरार्थी बहुवचन मात्र सुटत नाही. अकरा वर्षं 'साहेब, साहेब' करून जीभ तशीच वळली आहे, त्याला आता इलाज नाही.

उमरग्याला त्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. हैदराबाद संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि आमचा जिल्हा अजून मुंबई राज्यात गेलेला नव्हता. दवाखाना सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. दारात शिरलं की समोर बाकं, उजवीकडं डॉक्टरांची खोली, डावीकडं माझी खिडकी. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, मी मिक्श्चर बनवून बाटलीत भरायचो आणि डोसाच्या खुणांसाठी कागदाची पट्टी कातरून बाटलीला चिकटवायचो. चिठ्ठीत काय लिहिलंय यावर कंपाउंडरनं बोलायचं नसतं. मी एकदा बोललो होतो. एका लेकराच्या चिठ्ठीत डोस मोठ्या माणसाचा पडला होता, ते मी खिडकीतून बाहेर येऊन हळूच सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली, नवी लिहिली आणि भरल्या बाकांसमोर विचारलं, "डॉक्टर तू का मी?" मी म्हणालो, "तुम्ही, साहेब." लेकरू वाचलं, पण त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर तोंड उघडलं नाही.

माझे अब्बा पिंजारी. गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत गावची हवा आमच्यासारख्या मुसलमान घरांसाठी बिघडली तेव्हा डॉक्टरांनी अब्बा, अम्मा आणि मला दवाखान्याच्या मागच्या खोलीत आठ दिवस ठेवून घेतलं, बाहेरून कुलूप लावून. हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण तो उपकार त्यांनी आम्हाला एक दिवस विसरू दिला नाही. बाटलीचं बूच सैल बसलं तरी, "याच्यासाठीच जगवला का रे तुला?" हे ठरलेलं. माणूस एकदा वाचवला की तो आपल्या मालकीचा होतो, असा त्यांचा हिशेब असावा.

त्याच खोलीत पुढं तो गिटारवाला राहिला. मुंबईकडं निघालेल्या एका ट्रकच्या केबिनमधून ड्रायव्हर-क्लिनरनं त्याला धरून उतरवला. अंगात ताप एवढा की हात लावला तर चटका बसावा. पन्नाशीचा, गोव्याकडचा ख्रिस्ती माणूस, पण बोली सगळी हैदराबादी. सिकंदराबादच्या छावणीत एका हॉटेलच्या बँडमध्ये त्यानं वीस वर्षं वाजवलं होतं. राज्य बदललं, नाचणारी मंडळी गेली, बँड मोडला, म्हणून तो मुंबईला काम शोधायला निघाला होता. विषमज्वर निघाला. डॉक्टर सकाळी एकदा नाडी बघून जायचे. बाकी तीन आठवडे त्याच्या कपाळावरच्या ओल्या पट्ट्या, पेज, भांडं, सगळं मी केलं.

त्याच्याबरोबर एक काळी, जड पेटी होती. ताप उतरल्यावर त्यानं ती मला उघडायला लावली. मी तोवर गिटार पाहिली होती ती कॅलेंडरावरच्या चित्रात, सपाट आणि मधे गोल भोक असलेली. हिला गोल भोक नव्हतं. सारंगी-व्हायोलिनच्या जातीची दोन वळणदार छिद्रं दोन बाजूंना होती, आणि छाती तव्यावरच्या भाकरीसारखी वर आलेली. मी म्हणालो, "चाचा, पेट फूल गया इसका. ओल लगी."

तो हसता हसता खोकायला लागला. "फूला नै मियाँ, छीलके बनाए सो है."

मग पडल्या पडल्या त्यानं मला समजावलं. सपाट गिटारीला पातळ फळी चिकटवतात. हिची छाती जाड लाकडातून कोरून, तासून, मधे उंच आणि कडेला पातळ अशी घडवलेली असते, पाठसुद्धा तशीच. तारांखालची घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबानं उभी असते. तो दाब ती कमान पेलते. आत दोन पट्ट्या सरसानं चिकटवलेल्या असतात, त्या कमानीला आधार देतात. बँडमध्ये चार ट्रंपेट आणि ढोल बडवायला लागले की साध्या गिटारीचा आवाज बुडून जातो. हिचा माइकशिवाय वर येतो. कोरडा आवाज, लगेच उठतो आणि लगेच संपतो, म्हणून नाचणाऱ्यांचे पाय तो पकडतात. "ये गाती नै, हाँकती है," तो म्हणाला. वाजवणारे हिच्या मागं का लागतात तेही त्यानं सांगितलं. नवी असताना ती कुणाचंच ऐकत नाही. पंधरा-वीस वर्षं एकाच हाताखाली वाजली की लाकूड मोकळं होतं आणि त्या हाताची सवय त्याला लागते. मग ती दुसऱ्याला द्यायला जीव होत नाही. वाजवली नाही तर मात्र पुन्हा मुकी होते.

त्यानं ती छातीशी धरली आणि उजवा हात तारांवर मारला. मला एकदम अब्बांची कापूस पिंजायची कमान आठवली. तिची ताणलेली तात लाकडी मुठीनं ठोकली की असाच दणका उठतो, कापसात शिरतो आणि तिथंच विरतो. लहानपणापासून माझे कान त्या आवाजावर वाढलेले. म्हणूनच असेल, माझा उजवा हात पहिल्याच दिवशी बरोबर पडला. डाव्या हाताची बोटं मात्र पंधरा दिवस रक्ताळलेली होती. तो अंथरुणावरून ओरडायचा, "दबा! अंडा फूटेगा क्या?"

बरा झाल्यावर तो दुसऱ्या ट्रकनं निघाला. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. पेटी त्यानं माझ्या हातात दिली. म्हणाला, ट्रकमध्ये हिचे हाल होतील, मुंबईत पाय टेकले की कळवतो. दोन महिन्यांनी कार्ड आलं. त्याला जहाजावरच्या बँडमध्ये काम मिळालं होतं, तिथं वाद्य त्यांचंच होतं. त्यानं लिहिलं होतं, ती आता तुझी, फक्त तिला मुकी होऊ देऊ नको. ते कार्ड मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

आठ महिने ती माझी होती. दवाखाना सुटला की घरी येऊन मी वाजवायचो. अब्बा दारात बसून ऐकायचे आणि म्हणायचे, "आवाज तर कमानीचाच हाय. पण कापूस कुठाय?" अम्मा हसायची. माझ्या आयुष्यात मी इतका सुखी पुन्हा कधी झालो नाही, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग डॉक्टरांकडं जिल्ह्याच्या गावाहून पाहुणे येणार होते. त्यांना दाखवायला म्हणून डॉक्टरांनी दोन दिवस गिटार मागितली. माझं तोंड बघून अम्मा घरात म्हणाली, "साब कू ना नक्को बोल बेटा. दो दिन की बात है." मी नेऊन दिली. पाहुणे आले, जेवले, गेले. तिसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडला, तर बाकांच्या वरच्या भिंतीत एक खिळा ठोकलेला आणि त्याला गिटार टांगलेली. माझ्या खिडकीच्या बरोब्बर समोर.

आठ दिवस वाट बघून मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "साहेब, गिटार न्यायची होती."

डॉक्टर हात धूत होते. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "पेशंट कुणाचा होता?"

"तुमचा, साहेब."

"औषध कुणाचं? खोली कुणाची?"

"तुमचीच."

"मग गिटार कुणाची?" त्यांनी टॉवेल घेतला. "आणि तू तरी कुणामुळं आहेस?"

मी बाहेर येऊन लाल मिक्श्चर ढवळत बसलो.

दोन वर्षं ती तिथं टांगलेली होती. रोज सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी चार ते सात मी तिच्याकडं बघत बाटल्या भरल्या. एखादा पेशंट विचारायचा, "साहेब, ह्ये काय हाय वो?" आणि आतून आवाज यायचा, "माझी गिटार आहे ती." माझी. हा शब्द त्यांनी किती वेळा उच्चारला हे मला आजही सांगता येईल असं वाटतं. आठवड्यातून एकदा ती पुसायचं काम माझ्याकडं होतं. तेवढाच स्पर्श. तारांना गंज चढला, लाकडाची चमक गेली. एकदा पुसताना मी नखानं एक तार छेडली. आतून लगेच, "ए, खेळणं नाही ते!"

मी तेव्हा साधा माणूस राहिलो नाही. दिवसभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालायची. त्यांच्या चहात एरंडेल घालावं, खुर्चीचा पाय सैल करावा, अंगणातल्या खड्ड्यात छत्री पुरावी. एकदा स्टेथोस्कोप लपवला आणि त्यांना तासभर शोधायला लावला. पण असल्या किरकोळ चाळ्यांनी समाधान होत नव्हतं. मला गिटार हवी होतीच, पण त्याहून जास्त मला चारचौघांत त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की ती त्यांची नाही. त्यासाठी मी वाटेल ते द्यायला तयार होतो.

मग डॉक्टरांनी बॅटरीवरचा रेडिओ घेतला. त्या दिवसांत रेडिओवर गिटार म्हणजे मांडीवर आडवी घेऊन, तारांवर लोखंडी दांडी फिरवून वाजवायची गिटार. ऐकून डॉक्टरांना हौस आली. त्याच सुमारास गावात वाचनालयाचं उद्घाटन ठरलं, तहसीलदार येणार होते, आणि कार्यक्रमात डॉक्टरांचं गिटारवादन छापून टाकलं गेलं. गिटार खिळ्यावरून खाली आली. नव्या तारा सोलापुराहून मागवल्या.

पण ती मांडीवर बसेना. पाठ गोल असल्यानं डुगडुगायची. तारा मानेजवळ असल्यानं दांडी मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर खडखडायची. ती छातीशी धरून वाजवायची असते हे मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. चार दिवस डॉक्टरांनी खडखडाट केला. पावसाळा होता. दवाखान्याचं कपाट फुगून बंद होत नव्हतं, कॅरमच्या बोर्डाला पोक आलं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी गिटार तपासायच्या टेबलावर उताणी ठेवली, डाव्या हाताचं बोट तिच्या छातीवर टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठकठक केलं, अगदी पेशंटच्या पोटावर करतात तसं. मग मला हाक मारली.

"बघ. पोट फुगलंय हिचं. पाठीलाही सूज आहे. ओल शिरली आहे, दुसरं काय. जलोदर!" स्वतःच्या विनोदावर ते मोठ्यानं हसले. "तारा काढ. फरशीवर ठेव. वर ओलं फडकं आणि गरम वाळूच्या पिशव्या, दिवसातून तीनदा. रात्रंदिवस वजन. दहा दिवसांत सपाट झाली पाहिजे. कळलं?"

मी उभा राहिलो. सगळं माझ्या जिभेवर होतं. ती फुगलेली नाही, कोरलेली आहे. कमान बसली तर तारांचा दाब कोण पेलणार? ऊब आणि ओल दोन्ही लागली की सरस सुटतो, हे तर कुठल्याही सुताराला कळतं. एक वाक्य पुरलं असतं. आणि मला ती भरली बाकं आठवली, फाडलेली चिठ्ठी आठवली.

मी म्हणालो, "व्हय साहेब."

मागच्या खोलीत मी ती फरशीवर ठेवली. जिथं आम्ही आठ दिवस कुलपात होतो, जिथं गिटारवाल्यानं मला पहिला स्वर दाखवला, तीच फरशी. फडकं भिजवून पिळलं, वर टाकलं. वाळू कढईत तापवून पिशव्यांत भरली. वर औषधं कुटायचे दोन दगडी खल ठेवले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कंपाउंडर म्हणून मी आयुष्यात इतकी काटेकोर सेवा दुसऱ्या कुठल्या पेशंटची केली नसेल. डॉक्टर अधूनमधून डोकावायचे, "उतरतंय का?" मी म्हणायचो, "उतरतंय साहेब." खरंच उतरत होतं.

तिसऱ्या दिवशी खोलीत सरसाचा वास सुटला. चौथ्या दिवशी आतून एक बारीक कट्ट आवाज आला. एक पट्टी सुटली होती. मी तिथंच उकिडवा बसलो. अजून वेळ होता. पिशव्या काढून, डॉक्टरांना खरं सांगून, कुणी चांगला सुतार गाठून ती वाचवता आली असती. मला तिची दया आली, खोटं सांगत नाही. पण तेवढ्यात बाहेरून डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. ते कुणाला तरी सांगत होते, "माझी गिटार जरा आजारी आहे." मी उठलो आणि आणखी एक पिशवी तापवायला ठेवली.

उद्घाटन संध्याकाळी पाचला होतं. नव्या तारा मी दुपारी चढवल्या, पण सैलच ठेवल्या. डॉक्टरांना सांगितलं, "स्टेजवरच ताणा साहेब, तोवर सैल बऱ्या." यावेळी मी चिठ्ठीबाहेरचं बोललो होतो आणि त्यांनी ते ऐकलं. मंडप भरला होता. बायकांची बाजू भरली होती, पोरं झाडावर चढली होती, भोंगा करकरत होता. भाषणं झाली. मग डॉक्टर पांढऱ्या कोटात येऊन बसले. गिटार मांडीवर आडवी घेतली. ती आता डुगडुगत नव्हती. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि खुंट्या पिळायला लागले.

मी शेवटच्या रांगेच्या मागं बांबूला धरून उभा होतो. पहिली तार चढली, दुसरी चढली. मी तारा मोजत होतो. चौथ्या तारेला घोडी तिरकी झाली. डॉक्टरांनी ती दाबून बसवली आणि पुढची खुंटी पिळली.

आवाज माइकमधून आला, म्हणून सगळ्या मंडपानं ऐकला. लाकूड फाटल्याचा, लांबलचक. छाती आत गेली, घोडी उडून तहसीलदारांच्या पायाशी पडली आणि तारा सापासारख्या वर उसळल्या. डॉक्टर दचकून मागं पडले ते खुर्चीसकट. पोरं खिदळली. मग बाकीचेही हसायला लागले, आधी तोंडावर पदर धरून आणि मग उघड. मी हसलो नाही, पण मला असा आनंद झाला की आजही तो आठवला की मी ताठ बसतो. दोन वर्षं या क्षणासाठी मी जगलो होतो.

डॉक्टर उठले, कोट झटकला. त्यांची नजर मला शोधत होती आणि तिला मी सापडलो. त्यांनी माइक हातात धरला.

"मंडळी," ते म्हणाले, "ही गिटार माझी नव्हे. आमच्या कंपाउंडरची आहे. त्याच्याकडून मागून आणली होती. नीट ठेवायची अक्कल नाही लोकांना, त्याला मी काय करणार?" आणि माझ्याकडं बोट केलं. "ए, ये. घेऊन जा तुझी गिटार."

सगळा गाव माझ्याकडं वळून बघत होता. जे ऐकण्यासाठी मी वाटेल ते द्यायला तयार होतो, ते त्या माणसानं भर मंडपात, भोंग्यातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं. मी गर्दीतून पुढं गेलो, स्टेजवर चढलो. ती उचलली. फाटलेल्या छातीत हात गेला आणि आतली सुटलेली पट्टी बोटांना लागली. लाकूड अजून ओलसर होतं.

तहसीलदार परगावचे, भला माणूस. ते स्वतः वाकले, पायाशी पडलेली घोडी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. "तुमची आहे का ही?" त्यांनी विचारलं. आमच्या गावात मला 'तुम्ही' म्हणणारा तो पहिला साहेब.

"हो," मी म्हणालो. "माझी."

ते हळहळले. अगदी मनापासून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "अहो, इतकी सुंदर वस्तू. तुमची होती, तर तुम्ही जपायला हवी होती."

मी घोडी खिशात टाकली आणि खाली उतरलो. डॉक्टरांवरचा माझा राग अजून होता तसाच आहे, ते गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. पण त्या भल्या माणसाचं वाक्य आठवलं की तो राग कुणावर काढायचा, तेच मला कळत नाही.